तळ्याकडे तीन गल्ल्या

१

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता फेर्मिन बुडून मेला. ज्या बाईने त्याला जन्माला घातलं, तिला ही बातमी कोस्टा रिकातून आलेल्या फोनवरच्या शिव्यांतून कळली.

त्या वेळी ओतिलिया मायोर्गा शाळेच्या गणवेशांना काजं करत होती. फोनवरची बाई अनोळखी होती आणि आधी रडत होती. पुढे तिने ओतिलियाचं सगळं खानदान काढलं आणि शेवटी विचारलं, "तुम्हाला मन आहे का हो?" मग फोन ठेवून दिला. ओतिलियाने दाताने दोरा तोडला आणि फोनवर बघितलं. तिच्याच कादंबरीखाली, तिच्याच नावाने, तिने न लिहिलेलं सदतिसावं प्रकरण उभं होतं.

छत्तीस आठवडे दर गुरुवारी पाचच्या ठोक्याला ती कथांच्या एका साइटवर आपल्या कादंबरीचं एक प्रकरण टाकत आली होती. तिथे प्रकाशकाच्या पाया पडावं लागत नाही. लिहायचं, बटण दाबायचं, आणि काज करायला बसायचं. पहिल्या प्रकरणाला सात वाचक मिळाले, त्यातले चार घरचे आणि एक चुकून आलेला. छत्तिसाव्यापर्यंत ते एकेचाळीस हजार झाले होते. निम्मे देशाबाहेर, परक्या घरांची लादी पुसणारे, परक्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालणारे. कथा होती रोसाउराची. पहिल्याच प्रकरणात तिचा नवरा फेर्मिन कामाच्या शोधात सरहद्दीपलीकडे जातो आणि त्याचा पत्ता लागत नाही. सदतिसाव्यात तो परत येणार होता. ते प्रकरण वहीत लिहून तयार होतं, शिवणयंत्राच्या खणात.

शुक्रवारी सकाळी ती दॉन एव्हेनोर सेकेइराच्या दारात उभी राहिली.

"दॉन एव्हेनोर, माझा फेर्मिन मारला कोणीतरी."

"वाचलं मी काल," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता. "छत्तीस आठवडे आम्ही वाट बघायची आणि तुम्ही त्याला एका ओळीत बुडवायचा. निदान तापाने तरी मारायचा. ताप आठवडाभर चालतो."

"मी नाही लिहिलं ते."

दॉन एव्हेनोरने मका-कोकोच्या पिनोलिओचा पेला खाली ठेवला. मग आतून दुसरी खुर्ची आणली.

२

हा माणूस अडतीस वर्षं मानाग्वात पोस्टमन होता आणि निवृत्त झाल्यावरही गल्लीचं जे जे हरवे ते शोधून देई. मानाग्वात पत्र पोचवणं हा गुप्तहेराचाच धंदा. घरांना नंबर नाहीत, रस्त्यांची नावं रस्त्यांनाही ठाऊक नाहीत. पत्ता म्हणजे 'जिथे चिंच होती तिथून दोन गल्ल्या तळ्याकडे, एक वर, हिरव्या फाटकासमोर'. तळ्याकडे म्हणजे उत्तरेला. वर म्हणजे उगवतीला आणि खाली म्हणजे मावळतीला, मग रस्ता चढता असो की उतरता. चिंच भूकंपात गेली त्याला पन्नास वर्षं झाली, फाटक निळं होऊनही वीस. तरी पत्र पोचायचंच. एकदा 'बाईचा पोपट शिव्या देतो त्याच्या पलीकडचं घर' एवढ्या खुणेवर दॉन एव्हेनोरने तार पोचवली होती, आणि तीही पोपट मेल्यानंतर तीन वर्षांनी.

ओतिलियाची कादंबरी तो यासाठीच वाचत असे. तिच्यातले पत्ते अचूक असत. परदेशात राहणारे लोक त्या पत्त्यांवरून डोळे मिटून घरी जाऊन येतात, असं ते खाली लिहीत. छत्तीस प्रकरणांत त्याला फक्त दोन चुका सापडल्या होत्या, आणि दोन्ही त्याने स्वतः चालत जाऊन तिच्या हातात दिल्या होत्या.

"परत वाचा," तो म्हणाला. "सावकाश."

ओतिलियाने फोन लांब धरला. "'सकाळी सहाला रोसाउरा दार लोटून निघाली. चिंच होती तिथून तीन गल्ल्या तळ्याकडे चालत गेली. ऊन थेट डोळ्यांत येत होतं, म्हणून तिने त्याचं पत्र कपाळावर आडवं धरलं. होड्यांच्या तिकिटांच्या खिडकीतल्या माणसाने तिला बघितलं आणि मान खाली घातली, तेव्हाच तिला कळलं. फेर्मिन बुडाला होता. आता तिला कोणी काही विचारू नये.' एवढंच. आणि खाली 'समाप्त'चं बटण दाबलंय."

"मग उघडा ते आणि खोडा."

"पासवर्ड बदललाय. साइटवाल्यांना कळवलं. ते म्हणतात, तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करा. जुन्या फोन नंबरावर आकडा पाठवतात. तो नंबर आता कुठल्यातरी मासेवाल्याकडे आहे. आणि 'समाप्त' एकदा लागलं की सात दिवसांत काढावं लागतं. नाही काढलं तर कथेला कायमचं कुलूप. पुढे एक ओळ जोडता येत नाही." ती थांबली. "बत्तीस वर्षं मी या गल्लीत चड्ड्यांना नाडी घालते, दॉन एव्हेनोर. पहिल्यांदा मला कोणी विचारतं की पुढे काय. येत्या गुरुवारी पाचनंतर विचारणार नाही."

"जुना पासवर्ड कोणाला ठाऊक होता?"

"तिघांना. माझ्या सुनेला, कारण खातं तिने उघडलं. मास्तर आबेलार्दोंना, ते स्वल्पविराम तपासतात. आणि माझ्या कोमाद्रेला. मी शिवत असते तेव्हा ती मला वाचकांचे निरोप वाचून दाखवते."

कोमाद्रे म्हणजे मिर्ना. तिच्या लेकीची धर्ममाता ओतिलिया, म्हणून दोघी एकमेकींना तशी हाक मारत.

"आणि पासवर्ड काय होता?"

"हडकुळी."

"म्हणजे तुमचं शिवणयंत्र."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

दॉन एव्हेनोरने कपाळाला हात लावला. संशयित तीन नव्हते. सगळी गल्ली संशयित होती. पण साइटच्या आतली बटणं ठाऊक असलेले तिघेच, म्हणून त्याने तिथूनच सुरुवात करायची ठरवली.

३

सून कारेलिया अंगणात बाळाला पाजत होती आणि दुसऱ्या हाताने फोनवर लिहीत होती.

"मी केलं असं वाटतं ना तुम्हाला?" तिने मान वर न करता विचारलं.

"मला अजून काहीच वाटत नाही. तू काय लिहितेस?"

"माझीही कादंबरी आहे तिथे. रक्त पिणारा एक ड्यूक आहे, तो एका नर्सच्या प्रेमात पडतो."

"मग तिला पितो?"

"पंचविसाव्या प्रकरणापर्यंत नाही." तिने बाळ खांद्यावर घेतलं. "दोनशे बारा वाचक आहेत मला. सासूबाईंना एकेचाळीस हजार. आता म्हणाल, जळते मी."

"जळतेस का?"

"जळते की. पण माझ्या दोनशे बारांतले दोनशे त्यांच्याकडूनच आलेत. त्यांच्या प्रत्येक प्रकरणाच्या तळाशी मी गुपचूप एक ओळ टाकते, 'माझ्या सुनेचा ड्यूकही वाचा' म्हणून. त्यांना अजून ठाऊक नाही. त्यांची गोष्ट बंद पडली तर माझा ड्यूक उपासाने मरेल हो, दॉन एव्हेनोर."

म्हाताऱ्याने काल आलेलं प्रकरण आठवून बघितलं. 'समाप्त'च्या खाली ड्यूक नव्हता. ज्याने कोणी हे प्रकरण चढवलं, त्याने ती ओळ टाकली नव्हती, आणि ही पोरगी मेली तरी ती ओळ विसरली नसती.

"सासूला सांगू नका," ती मागून म्हणाली.

"आडनाव सांग तुझं," तो म्हणाला. "माहेरचं."

"पालासिओस. का? तुम्हीच तर माझ्या आजीला पत्रं आणायचात. चिंचेपासून एक गल्ली खाली."

"तेच बघत होतो," तो म्हणाला आणि निघाला. का विचारलं ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. पण त्या प्रकरणातलं काहीतरी त्याच्या पायांत काट्यासारखं राहिलं होतं, आणि पायांत काही राहिलं की तो माणसांचे पत्ते विचारू लागे.

४

मास्तर आबेलार्दो क्वारेस्माला सगळी गल्ली 'कवी' म्हणत असे. त्या देशात कोणालाही कवी म्हटलं तर तो नाकारत नाही. त्याची सुनीतंही त्याच साइटवर होती, आणि त्यांना चौदा वाचक होते.

"चौदा ओळी, चौदा वाचक. दरडोई एक," तो म्हणाला. "बसा. तुम्ही येणार हे मला ठाऊक होतं. त्या प्रकरणातले स्वल्पविराम बघितलेत?"

"स्वल्पविरामांचं काय?"

"निर्दोष आहेत. ओतिलियाबाई स्वल्पविराम टाकतात तो खिडकीतून मूठभर तांदूळ कोंबड्यांना टाकावा तसा. म्हणजे संशय माझ्यावर. शिवाय नवव्या प्रकरणापासून मी सांगत आलोय की फेर्मिन मेला पाहिजे. मेल्याशिवाय वाङ्मय नाही."

"मग तुम्ही मारलात?"

मास्तर एकदम उभा राहिला. त्याचा खरोखरच अपमान झाला होता. "एका ओळीत? दॉन एव्हेनोर, मी त्याला मारला असता तर किमान अकरा पानं घेतली असती. वादळ आणलं असतं. दूरवर घंटा वाजवली असती. हा मृत्यू बघा, 'फेर्मिन बुडाला होता', पूर्णविराम. असं कोणी लिहितं का? तार आल्यासारखं आहे हे."

दॉन एव्हेनोर जाता जाता उंबऱ्यावर थबकला. अडतीस वर्षांत त्याने पुष्कळ तारा पोचवल्या होत्या. मास्तर बोलून गेला ते रागाच्या भरात, पण बरोबर होतं. जुळवून लिहिलेली तार आणि खरी तार यांतला फरक पोस्टमनला पाकीट न फोडता कळतो.

"कवी," त्याने विचारलं, "तुमचे स्वल्पविराम कोण शिकू शकतं?"

"माझ्या दुरुस्त्या जो दर आठवड्याला मोठ्याने वाचेल तो. पण त्या तर ओतिलियाबाईही वाचत नाहीत."

५

मिर्ना दारातच विगोरोनची हातगाडी लावायची. केळीच्या पानावर उकडलेला कसावा, वर कोबीची आंबट कोशिंबीर, त्यावर डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तुकडे. शनिवारी दुपारी गर्दी ओसरल्यावर दॉन एव्हेनोर तिथे बाकावर बसला.

"ग्रानादाच्या हाताचं आहे, मीठ कमी वाटलं तर सांगा," ती म्हणाली. "मानाग्वाच्या लोकांना मीठ लागतं."

"इथे येऊन किती वर्षं झाली तुला?"

"तीस. तरी अजून सकाळी उठले की चुकल्यासारखं होतं. आमच्या घरी सकाळी तळं उंबऱ्यातून आत यायचं. आई पडदा ओढायची आणि शिव्या द्यायची. इथे तळं कुठेतरी बाजूला पडलेलं असतं."

त्याने खाल्लं. तिने फडक्याने गाडी पुसली. मग आधीच पुसलेलीच जागा पुन्हा पुसली.

"वाचकांचे निरोप तूच वाचून दाखवतेस म्हणे."

"निरोप, कवीच्या दुरुस्त्या, सगळंच. डोळे माझे बरे आहेत. कोमाद्रेचे सुईत गेलेत."

"काय लिहितात लोक?"

"एकच. फेर्मिन कधी येतोय." ती हसली, पण हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "दुसरं काही सुचतच नाही त्यांना. इथे गाडीवर येतात तेही तेच. 'दोन विगोरोन द्या, आणि काय हो, फेर्मिन येणार का?' मी काय सांगू, मला काय कळतंय लिहिण्यातलं."

पान संपवून तो उठला. घरी पोचेपर्यंत त्याच्या लक्षात एक गोष्ट आली आणि तो वाटेतच थांबला. दोन दिवसांत ज्याला ज्याला तो भेटला, त्या प्रत्येकाने त्याला एकच विचारलं होतं, की चोर सापडला का. पाववाल्याने विचारलं, पाद्रीबाबांनी विचारलं. मिर्नाने विचारलं नव्हतं.

पण न विचारणं हा गुन्हा नाही. त्याला पुरावा हवा होता, आणि गुरुवार पाच दिवसांवर आला होता.

६

रविवारी सकाळी सहाला दॉन एव्हेनोरने हातात एक जुनं पाकीट घेतलं आणि चिंच होती तिथे जाऊन उभा राहिला. मग रोसाउरासारखा तीन गल्ल्या तळ्याकडे चालत गेला.

पहिल्या गल्लीत त्याचा उजवा कान तापला. दुसऱ्या गल्लीत उजवा गाल. तिसऱ्या गल्लीच्या टोकाला त्याने पाकीट कपाळावर आडवं धरून बघितलं. ऊन कपाळावर नव्हतंच. ते उजवीकडून येत होतं, जसं त्या गल्लीत जग निर्माण झाल्यापासून सकाळी सहाला येतं. ते डोळ्यांत घ्यायचं तर उजवीकडे वळून भिंतीवर डोकं आपटावं लागलं असतं.

पायात राहिलेला काटा हाच होता.

ओतिलियाचं ऊन छत्तीस प्रकरणांत कधी चुकलं नव्हतं. कारेलिया आणि मास्तर दोघेही चिंचेच्या आसपास जन्मलेले. त्यांना झोपेत उठवून विचारलं तरी 'तळ्याकडे' म्हटलं की सकाळी उजवा गाल तापतो हे त्यांच्या गालांना ठाऊक होतं.

मग त्याला ग्रानादाची आठवण झाली. तरुणपणी महिनाभर त्याला तिथल्या पोस्टात पाठवलं होतं. तिथेही लोक पत्त्यात 'तळ्याकडे' म्हणत, पण तिथलं तळं दुसरं, आणि ते उगवतीला. पहिला आठवडाभर त्याने लग्नाची आमंत्रणं सुतकाच्या घरी टाकली आणि एका विधवेला दुसऱ्याच बाईच्या नवऱ्याने सैन्यातून पाठवलेलं पत्र दिलं. ती बाई बिचारी त्याचे उपकार मानत राहिली. ग्रानादात सूर्य तळ्यातूनच वर येतो. सकाळी तळ्याकडे जाणारा प्रत्येक माणूस कपाळावर काहीतरी आडवं धरूनच जातो.

पण मिर्ना इथे तीस वर्षं राहिली होती. तिला इथलं तळं कुठे आहे ते ठाऊक होतं. तिने मुद्दाम रचलं असतं तर ती दाराबाहेर जाऊन एकदा बघून आली असती. तिने बघितलं नाही, याचा अर्थ ती रचत नव्हती. ती कधीतरी एका सकाळी हातात पत्र धरून, डोळ्यांत ऊन घेत, ग्रानादाच्या होड्यांच्या खिडकीपर्यंत खरोखर गेली होती.

दॉन एव्हेनोरने हातातलं पाकीट खिशात घातलं. ते पत्र कोणी पोचवलं होतं हे त्याला ठाऊक होतं. मिर्नाचा नवरा एउसेबियो ग्रानादाच्या धक्क्यावरून होडीने सान कार्लोसला गेला आणि तिथून पलीकडे, कॉफी तोडायला. त्याची तीन पत्रं आली. तिन्ही दॉन एव्हेनोरनेच टाकली होती. त्यानंतर एकोणीस वर्षं तो तिच्या दारावरून मान न वळवता पुढे जात आला होता.

७

सोमवारी सकाळी तो ओतिलियाला घेऊन मिर्नाकडे गेला. मिर्ना कोबी चिरत होती.

"उशीर केलात," ती म्हणाली. "मला वाटलं होतं शनिवारीच विचाराल."

"कोमाद्रे?" ओतिलिया म्हणाली. "तू?"

"बस. उभ्याने बोलायचं नाही हे."

ओतिलिया बसली नाही. "माझं एवढं एकच होतं गं. मुलगा आहे तो सुनेचा, घर आहे ते नवऱ्याच्या भावाचं. ती गोष्ट तेवढी माझी होती."

मिर्नाने सुरी खाली ठेवली. "फेर्मिनच्या कुठल्या हाताला दोन बोटं कमी आहेत?"

"डाव्या."

"एउसेबियोच्या?"

ओतिलियाने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं.

"फेर्मिन झोपेत गाणं म्हणतो. कोणी सांगितलं तुला? जाताना तो मागे वळून बघत नाही, कारण वळलो तर जाणार नाही असं म्हणतो. ते कोणी सांगितलं?"

"तू."

"मी. तुझ्याच यंत्राशेजारी बसून. कवीला तू स्वल्पविराम विचारलेस. सुनेला विचारलंस की वरचं चित्र कसं दिसतंय. मला फक्त विचारायचीस, मग पुढे काय झालं?" तिचा आवाज चढला नव्हता. "आणि गेल्या सोमवारी तू मला सदतिसावं वाचून दाखवलंस. तो दारात उभा, अंगावर धूळ, रोसाउराच्या हातातलं भांडं पडतं. तू वाचलंस आणि म्हणालीस, कसं झालंय?"

"मी त्याला परत आणत होते. तुझ्यासाठी."

"माझ्या दारात कोणी आलेलं नाही, कोमाद्रे. तो त्या एकेचाळीस हजारांच्या दारात येणार होता. आणि गाडीवर मला सगळे विचारणार, किती छान झालं नाही का हो, तो आला. मी विगोरोन बांधून द्यायचं आणि म्हणायचं, हो, छान झालं."

"सांगायचंस मला."

"तुझं तोंड बघितलंस कधी, निरोप वाचताना? पंचवीस वर्षांत तुझं असं तोंड मी बघितलं नव्हतं. कसं सांगू?"

दॉन एव्हेनोरने घसा साफ केला. "चौथं पत्र असतं तर मी आणलं असतं, मिर्ना. एवढं मात्र तुला सांगायचं राहून गेलं."

"ठाऊक आहे. तुम्ही मान वळवायचा नाहीत, त्यावरूनच कळायचं." तिने खिशातून फोन काढून ओतिलियासमोर ठेवला. "नवा पासवर्ड त्याचं नाव. खोडून टाक माझं. गुरुवारी तुझं चढव. मला फक्त दोन ओळी लिहून बघायच्या होत्या. लिहिल्या."

ओतिलियाने फोन घेतला. तिने 'समाप्त'चं बटण शोधलं आणि ते काढलं. मग प्रकरण खोडायची खूण समोर आली आणि तिचं बोट त्यावर थांबलं. घरात कोबीचा वास होता आणि बाहेर कोणीतरी चाकांना वंगण घालत होतं.

"त्या खिडकीतला माणूस," ओतिलियाने विचारलं. "काय म्हणाला तो तुला?"

मिर्नाने तिच्याकडे बघितलं. एकोणीस वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता, कारण ती तिथे गेली होती हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

"म्हणाला, सान कार्लोसजवळ एक होडी उलटली. सातजण होते. नावं नाहीत त्याच्याकडे. पण एकाचा हात सापडला, डावा, तीन बोटांचा."

ओतिलिया बसली.

"घरी आले आणि कोणाला बोलले नाही. नऊ दिवसांची प्रार्थना घालायची तर प्रेत कुठे होतं? आणि कोणाला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. मग लोक विचारत राहिले, पत्र आलं का, आणि मी म्हणत राहिले, येईल."

ओतिलियाने खोडायच्या खुणेवरून बोट उचललं. "कोमाद्रे," ती म्हणाली, "तुझी परवानगी असेल तर पुढचं मी लिहिते. तू सांग. तुला नको असेल ते नाही लिहिणार."

"आणि तुझं वहीतलं?"

"ते चड्ड्यांच्या मापाला वापरीन. कागद जाड आहे."

८

गल्लीला दॉन एव्हेनोरने एवढंच सांगितलं की चोर सापडला, माल परत मिळाला, आणि पाकिटावरचं नाव सांगायची पोस्टाच्या माणसाला परवानगी नसते. पाववाल्याला ते पटलं नाही. पाद्रीबाबांना त्याहून नाही.

गुरुवारी पाच वाजता अडतिसावं प्रकरण आलं. वर लिहिलं होतं, 'हे मला माझ्या कोमाद्रेने सांगितलं आणि तिला विचारून लिहिलं.' फेर्मिन मेलेलाच होता. रोसाउरा नऊ दिवसांच्या प्रार्थनेसाठी अंगणात खुर्च्या मांडते, एवढीच गोष्ट. मास्तराने स्वल्पविराम तपासले आणि आयुष्यात पहिल्यांदा एकही हलवला नाही. तळाशी ड्यूक होता. ओतिलियाने तो बघितला आणि राहू दिला.

पहिल्या तासात एकोणीसशे वाचक सोडून गेले. ओतिलियाने आकडा बघितला आणि काजं करायला बसली. मिर्ना शेजारच्या स्टुलावर फोन घेऊन बसली आणि वाचू लागली. पहिले काही निरोप शिव्यांचेच होते. मग एक आला, 'माझा दोन हजार नऊला गेला. कोणाला सांगितलं नव्हतं.' मग दुसरा, स्पेनमधल्या झारागोझाहून, तिथे तेव्हा मध्यरात्र उलटली असणार. 'भाऊ. वाळवंटात. आई अजून त्याचं ताट वाढते.' मिर्ना वाचत गेली. अकराव्यानंतर तिने वाचणं थांबवलं आणि फोन ओतिलियाकडे दिला, आणि ओतिलियाने सुई ठेवून, चष्मा पुसून, पुढचे वाचले.

आलाहुएलातल्या एका बाईने लिहिलं होतं, 'मी शनिवारपासून फेर्मिनसाठी नऊ दिवस धरते.' शुक्रवारी तसं म्हणणारे तीनशे झाले. शनिवारपर्यंत ते इतके झाले की सान होसेतल्या एका बेकरीला दुपारीच दार लावावं लागलं, कारण प्रार्थनेनंतर वाटायच्या मक्याच्या रोस्कियांचा शेवटचा तुकडा दोन बायकांनी ओढून मोडला होता. एका जहाजावरच्या खलाशाने लिहिलं की त्याने इंजिनरूममध्ये मेणबत्ती लावली आणि कप्तानाने ती विझवली, मग कारण ऐकून परत लावली.

गल्लीतली प्रार्थना शनिवारी संध्याकाळी मिर्नाच्या अंगणात होती. गाडी बाजूला लावली होती. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा दॉन एव्हेनोरने आपल्या दोन्ही आणल्या आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला. पुढची खुर्ची घरच्यांची. ती रिकामी होती, कारण मिर्ना आत कॉफीचे पेले मोजत होती आणि ते काही संपत नव्हते. ओतिलिया आत गेली, तिच्या हातातून पेले घेतले आणि तिला दंडाला धरून बाहेर आणून त्या खुर्चीवर बसवलं.

प्रार्थना म्हणायला दोन्या चेपिता आली होती. तिला ऐकू कमी यायचं आणि वाचता अजिबात येत नव्हतं, त्यामुळे सगळ्या शहरात ती एकटीच होती जिला या गोष्टीतलं काही ठाऊक नव्हतं.

"मयताचं नाव?" तिने मोठ्याने विचारलं.

"फेर्मिन," चार-पाच जण म्हणाले.

"फेर्मिन कोण? नुसत्या फेर्मिनसाठी कशी म्हणू? वर हजार फेर्मिन आहेत. आडनाव सांगा."

सगळ्यांनी ओतिलियाकडे बघितलं. तिने अडतीस प्रकरणांत त्याला आडनाव दिलं नव्हतं, आणि आताही तिने तोंड उघडलं नाही. ती मिर्नाकडे बघत राहिली.

मिर्नाने मांडीवरचे हात एकात एक घातले.

"एउसेबियो," ती म्हणाली. "एउसेबियो आर्गेन्याल."

"जोरात बोल, मुली. मला ऐकू येत नाही."

मिर्नाने पुन्हा सांगितलं, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. दोन्या चेपिताने मान डोलावली, माळेच्या पहिल्या मण्यावर बोट ठेवलं आणि त्या नावाने सुरुवात केली.